सगळ्यात वर कोण

नाही डॉक्टर, मशीन बिचारं ठीक आहे, बिघाड वेगळाच आहे — तुमच्या पडद्यावर दोन प्रोग्रॅम, एक मी लिहिलेला, पुढचा पेशंट कोण ते सांगणारी ही छोटी चौकट, आणि दुसरा एक्स-रे दाखवणारा, तो माझ्या बायकोच्या भावाचा. दोघांनाही बजावून ठेवलंय, काय वाट्टेल ते झालं तरी सगळ्या खिडक्यांच्या वर राहायचं. आता दोघं वर कसे राहणार? नाहीच राहणार. म्हणून ही लुकलुक — तुम्ही दाढ बघायला जाता आणि दाढेवर पेशंटचं नाव नाचतं. फोनवर म्हणालात ना, दोघांतला एक काढून टाका, बरोबर बोललात, त्याचा काढू. तुम्ही बसा निवांत. एरवी या खुर्चीत तोंड उघडं ठेवून मी गप्प असतो, आज तुमची पाळी.

माझी चौकट तशी सालस आहे हो. कुणी झाकलं की अर्ध्या सेकंदात पुन्हा वर येते, एवढंच. — बरं, हट्टी म्हणा. पण मेहुण्याचा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही. ऑफिस आमचं एकत्र होतं, मोडलं कशावरून? दारावरच्या पाटीत वरचं नाव कुणाचं यावरून. वयाने मी मोठा, नात्याने मी मोठा, मग — जाऊ दे. सहा महिने बोलणं नाही. बायकोचे हाल होतात, भावाशी बोलायला गच्चीत जाते, आणि मी ऐकूच आलं नाही असं दाखवत पेपर वाचतो, दोन-दोनदा तेच पान.

हा बघा, त्याचा बंद केला. आता लुकलुक — थांबा. चालूच आहे. कशी काय चालू? एक मिनिट हं... अरेच्चा. माझीच चौकट दोनदा उघडलीय. बाहेरच्या तुमच्या ताई आयकॉन दाबतात, उघडायला उशीर झाला की परत दाबतात, आणि मग या दोन चौकटी एकमेकींना खाली ढकलत बसतात. एक चालू असताना दुसरी उघडू द्यायची नाही, हे लिहायचं राहिलं माझ्याकडून. — हसा, पोट भरून हसा.

मग मेहुण्याचा प्रोग्रॅम इतका वेळ करत काय होता? त्याच्या सेटिंगची फाइल बघू. ही ओळ काय — ‘भाऊजींची चौकट दिसली की आपण खाली जायचं.’ तारीख बघितलीत? आमच्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशीची. गाढव कुठला. सांगायचं नाही का मला? — सांगणार कसा, त्या दिवशी त्याने नऊ वेळा फोन केला, मी उचलला नाही. लाज वाटतेय डॉक्टर, खरं सांगतो.

त्याचा काढायचा नाही. परत चालू करून देतो. माझी चौकट तासाभरात दुरुस्त होईल, त्याआधी एक फोन करतो... रिंग जातेय. तुम्ही जरा बाहेर बसता का? — हो, खोली तुमची आहे, माहीत आहे मला. दार ओढून घ्या जाताना.