दोन्ही बाह्या डाव्या

हॅलो?… कोण, चिमणे तू?… थांब, भांडी घासतेय, नळ बंद करते… हां, बोल. अगं, रडतेस काय?

रिपोर्ट आला?… साखर निघाली… बरं, मग?… संपलं कसलं! मला सोळा वर्षं झाली, अजून एका झटक्यात सुईत दोरा ओवते तुझी ताई.

उपदेश नाही गं… हो, हो… अगं ऐक ना! गेल्या वर्षीचं तुला सांगितलंच नाही, लाज वाटत होती. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला मी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या!… हस, हस. बिचारा आरशासमोर उभा, आणि उजवा हात काही वळेना… झोपेपायी गं. रात्री बारापर्यंत शिवण, मग अंथरुणात मोबाइल, आणि दुपारी मशीनवरच डुलक्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या वेळेवर घेता, पण झोपेची अशी आबाळ केलीत तर साखर कशी उतरेल?

मग काय, नऊला मशीनवर झाकण. मोबाइल स्वयंपाकघरात. संध्याकाळनंतर चहा बंद. आणि झोप लागो न लागो, सकाळी सहाला उठायचंच… छे, लगेच कुठली! आठ दिवस आढ्याकडे बघत पडले होते. तुझे भावजी म्हणाले, घुबडाशी संसार मांडलाय मी… हो ना! नवव्या रात्री अशी घोरले, की तेच उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.

उतरली तर! तीन महिन्यांची सरासरी साखर साडेनऊवरून सातवर… नाही हं, गोळ्या चालूच. त्या आपल्या मनाने सोडायच्या नाहीत, बजावून ठेवते… गोड? खाते की एखादा घास. पण चोरून नाही, सगळ्यांसमोर.

तू जेवलीस?… मग बसून काय राहिलीस? दिवसभर कचेरीत खुर्चीच असते ना? ऊठ, चपला घाल… एकटी कशी? मीही निघाले, फोन कानाला लावून. तू तुझ्या गल्लीत, मी माझ्या… बघू देत लोक!… कुलूप लावलंस? जिना सांभाळून.

उतरलीस?… चल… धाप लागतेय ना, मग बोलू नकोस. नुसती चाल… येतंय, येतंय ऐकू, चपला कशा फटक फटक वाजतायत तुझ्या… कुत्रं? ते माझ्याकडचं… नाही, दोन्हीकडची भुंकतायत वाटतं!… आलं ना हसू?

किती झाली?… वीस मिनिटं? बघ, कळलंसुद्धा नाही… उद्या? उद्याही फोन तूच करायचा… आठ म्हणजे आठ. ठेव आता, झोप येतेय मला.