आईंनी घातलेलं पाणी

कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या फेरीबोटीच्या रांगेत मागून चक्क मराठी ऐकू आली, तशी शुभदा न वळताच कान देऊन उभी राहिली.

"चैत्राली, तुझे ते बुटके ट्यूलिप आले का गं?"

"आले! दगडांच्या फटीफटीतून आले."

"सासूबाई तर उन्हाळाभर तुळशीसारखं रोज पाणी घालत होत्या ना?"

"हो ना! ट्यूलिपच्या कांद्यांना उन्हाळ्यात कोरडं लागतं. कुजले समजून मी आईंना नको नको ते बोलले. त्या नागपूरला निघून गेल्या. सहा महिने फोन नाही."

"मग वाचले कसे?"

"उतारावर आहेत, पाणी दगडांतून निथळून गेलं. काल आईंना फोटो ईमेल केला. लगेच फोन! म्हणाल्या, 'बघ, माझ्या पाण्याने आले.'"

"आणि तू?"

"म्हटलं, हो आई. यंदाही या पाणी घालायला."