आयुधपूजेचं कुंकू आणि कोसळणारी मेल

नाही, रुद्रप्पासर, सर्व्हरच्या खोलीची चावी मी देणार नाही — तो बदलीचा कागद ठेवा टेबलावर, सही करत नाही मी. दारात का उभे? विधवेच्या खोलीत आलं की पाय मोडतो का? आयुधपूजेला सर्व्हरला कुंकू मी लावलं, लिंबू मी ठेवलं, आणि त्याच संध्याकाळपासून कॉलेजची मेल सारखी कोसळायला लागली — झालं! ‘पद्मजाचा हात लागला.’ तुमकुरूभर तेच! अहो, हात लागून बंद पडायचं असतं, तर सात वर्षं काय पायाने चालवत होते मी? चुरमुऱ्यांचा प्रसाद मात्र माझ्याच हातचा खाल्लात सगळ्यांनी — दुखलं कुणाचं पोट?

ऐका आता. सगळे प्रोग्राम मिळून जी फाईल वापरतात, तिला आम्ही लायब्ररी म्हणतो — एका वाटणावर चार भाज्या, तसं. श्रावणात हजेरीच्या यंत्रासाठी माणूस कुणी आणला? तुम्ही. त्यानं ती लायब्ररी बदलली — मला विचारलं? नाही विचारलं. मेलचा प्रोग्राम तेव्हा चालूच होता, जुनं त्याच्या पोटात होतं, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. मग पूजेला यंत्रं विसावली पाहिजेत म्हणून सर्व्हर बंद करायला कुणी लावला? तेही तुम्हीच! परत चालू केला, तर अर्धा प्रोग्राम जुनं मागतोय, अर्ध्याला नवं मिळतंय — पडेल नाहीतर काय होईल? आज सकाळी जुनी लायब्ररी वेगळी ठेवून मेलला तिची जागा दाखवली. तेव्हापासून एकदाही पडली नाही. विचारा प्राचार्यांना.

मग दोन दिवस का लागले म्हणता? लागले. कारण — मलाही वाटलं ना, माझ्यामुळेच झालं. घरी जाऊन केसातला मोगरा — काय? ठाऊक नव्हतं? हो, तुम्ही तेव्हा खाली कॉलेजच्या बसच्या पूजेला होता. मग आता ठाऊक झालं! माळला होता, हे गेल्यापासून पहिल्यांदा, चांगला हातभर — आणि छान दिसत होता. तो ओरबाडून खिडकीबाहेर फेकला मी, सर, एका फायलीपायी! तुमचं जाऊ द्या, माझाच मला राग येतो. पुढच्या वर्षी दोन हात माळणार, आणि कुंकूही मीच लावणार.

चावी? ही काय, कमरेला आहे. या, घ्या की काढून. शिवा मला.

नाही ना? मग निघा. आणि दार ओढून घ्या — एसीचा गारवा बाहेर जातोय.