सदुसष्ट तास

नाही नाही, तुम्ही नका सरकू, पिशवी मी मांडीवर घेते — तर काय सांगत होते, वाटा दोन आहेत. इथून ओस्केमेनला जायचं म्हणजे देशाच्या या टोकापासून त्या टोकाला, आणि वाटा दोनच. वरची आणि खालची. वरची म्हणजे अस्तानावरून — एक रात्र गाडीत, मग अस्तानाला सहा तास ताटकळायचं, मग दुसरी गाडी, पावलोदार, सेमेय करत आणखी एक रात्र. खालची म्हणजे सगळा वळसा — अराल, किझिलोर्दा, शिमकेंत, अल्माती, तिथं गाडी बदलायची आणि मग तिथून सरळ वर. तीन रात्री. तुम्ही म्हणाल मग यात विचार कसला, जवळची ती वाट धरावी — सगळे तेच म्हणतात. तिकिटाच्या खिडकीतली ती पोरगीही पहिल्या दिवशी तेच म्हणाली. आता काही म्हणत नाही. आता मला बघितलं की, आजी, आज कुठलं बघू, वरचं की खालचं, एवढंच विचारते. मंगळवार, गुरुवार, शनिवार येते ना मी. पाच आठवडे झाले.

मला नाही जायचं, म्हणजे मलाही जायचं, पण मुख्य आमच्या ह्यांना. त्यांचं डायलिसिस चालू आहे, तिसरं वर्ष. सोमवार, बुधवार, शुक्रवार. शुक्रवारी दुपारी एकला मशीनवरून सोडतात आणि सोमवारी सकाळी आठला परत सुई — मधले तास मोजा. सदुसष्ट. बाकीच्या दिवसांत एवढीही फट नाही, म्हणून जायचं तर शुक्रवारीच निघायचं आणि सोमवारच्या आत तिकडच्या मशीनवर पोचायचं. विमान? विमानाला डॉक्टर चक्क नाही म्हणाले, छातीत पाणी होतंय त्यांच्या. म्हणून ही आगगाडी. वरच्या वाटेला त्रेचाळीस तास, खालच्या वाटेला बासष्ट. हे सगळं त्यांनीच काढलंय हो, मला कुठलं येतंय — धान्याच्या कोठारावर वजनकाट्याला होते एकतीस वर्षं. भरलेला ट्रक किती, रिकामा किती, मधलं धान्य किती — तसंच हे. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून पेन्सिलनं मांडतात. सदुसष्टमधून बासष्ट गेले, पाच उरतात, त्यातले तीन इथं गाडी सुटेपर्यंतच जातात, राहिले दोन. दोन तासांवर जीव ठेवायचा का ओरिंशा, असं मला विचारतात. जसं काही मी वेळापत्रक छापते.

पण वरची वाट सोपी असं समजू नका. फेब्रुवारी आहे. वादळ आलं आणि गाडी माळावर अडकली की बारा-बारा तास हलत नाही, बर्फ उपसल्याशिवाय पुढे काही नाही. आणि अस्तानाचं स्टेशन — पाहिलंत ना, केवढं ते — एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं तर हे दहा पावलं चालले की भिंतीला हात लावून उभे राहतात. खालच्या वाटेला बर्फ कमी, मोठी मोठी गावं लागतात, काही झालंच तर उतरवून इस्पितळात नेता येईल. पण तीन रात्री. आणि डब्यातला चहा. हसू नका, खरं सांगते — ह्यांना दिवसाला तीन पियाले पाणी, त्यातच चहा, त्यातच सूप, औषधं गिळायची तीही त्यातच. आणि डब्याच्या टोकाला तो बंब चोवीस तास उकळत असतो. समोरचा माणूस गाडी सुटायच्या आत पोतडी उघडणार, घोड्याचं मांस काढणार, सुक्या दह्याचे खारट कुर्त काढणार, घ्या हो काका, घ्या म्हणणार, चहा ओतणार. नाही म्हणायचं तरी किती वेळा. मीठ नाही, जर्दाळू नाही, बटाटा नाही. आयुष्यभर जो माणूस एका बैठकीला दहा पियाले प्यायचा त्याला मी आता चमच्यानं बर्फ देते चोखायला. रात्री त्यांच्या डाव्या हातावर हात ठेवून झोपते मी. ती सुई टोचायला शीर मोठी केलेली असते ना, ती गुरगुरते, मांजरासारखी. गुरगुरतेय म्हणजे चालू आहे. मध्येच जाग आली की आधी ते बघते.

कशासाठी जायचं — बरोबर, ते सांगितलंच नाही मी. त्यांच्या भावासाठी. धाकटा. मी लग्न होऊन आले तेव्हा सात वर्षांचा होता, समोरचे दोन दात पडलेले. सुनेनं सासरच्या माणसांची नावं घ्यायची नाहीत म्हणून मी त्याला मिर्झा म्हणायला लागले, ते आजपर्यंत मिर्झाच. सासूबाई लवकर गेल्या, मग त्याचं सगळं माझ्याकडेच. डोक्यातल्या उवा काढल्यात मी त्याच्या. सैन्यातून आला आणि ओस्केमेनला कारखान्यात लागला, बायको तिकडचीच केली, तिकडचाच झाला. पण रोज संध्याकाळी सहाला फोन. दोघं भाऊ बोलायचे काय — आज किती थंडी, तुमच्याकडे किती, आमच्याकडे किती. बस. मग जानेवारीत त्याचा फोन आला, दादा, मला आता उठवत नाही, तू ये. यकृत गेलं होतं. कधी कुणाकडे काही मागितलं नाही त्यानं. ये म्हणाला.

त्या दिवसापासून ही पानं सुरू झाली. बरं, नुसतं तिकीट काढून भागत नाही, तिकडच्या इस्पितळानं आधी लिहून द्यायला हवं की सोमवारी तुमच्या माणसाला मशीनवर घेऊ. अर्ज करा, तपासण्या पाठवा, वाट बघा. त्यांच्याकडे आधीच रांग. आमच्या वॉर्डातल्या नर्सबाई चांगल्या, त्यांनी चारदा फोन केले. जागा नाही, जागा नाही. हे रोज विचारायचे, आला का कागद. मी म्हणायची, नाही आला.

आणि नव्हताच आला, तोपर्यंत खरंच नव्हता आला.

आला तो एका मंगळवारी. या मंगळवारचा नाही, त्याआधीचाही नाही, त्याच्याही आधीचा. नर्सबाईंनी हातात ठेवला — सोमवारपासून दोन आठवडे, सकाळची पाळी, शिक्का, सही, सगळं. मी त्यांचे हात धरले. आणि जिना उतरत होते तर डॉक्टर भेटले. म्हणाले, नेताय असं कळलं. मी अडवणार नाही, पण हृदय पूर्वीचं राहिलेलं नाही, वाटेत काही झालं तर गाडीत कुणी काही करू शकणार नाही, एवढं लक्षात ठेवून न्या. झालं. माझ्या डोळ्यांसमोर काय आलं सांगू — कुठलं तरी लहानसं स्टेशन, दोन मिनिटं गाडी थांबते, माळावर वारा, आणि हे फलाटावर आडवे, वर माझा कोट टाकलेला. गाडी चाललीय. दुसरं काही दिसेचना. घरी गेले. ह्यांनी विचारलं, आला का. मी म्हटलं, नाही म्हणाले ते. कायमचं नाही म्हणाले. कागद रजयांच्या चळतीत घातला, खालून तिसऱ्या रजईत.

असं बघू नका ताई. मला वाटलं एक आठवडा थांबू. हवा सुधारेल, ह्यांच्या छातीतलं पाणी जरा उतरेल, मग म्हणेन की आला बुवा कागद. एक आठवडा. मिर्झा तसा धट्टाकट्टा होता, मला वाटलं एक आठवडा काढेल. सोमवारी पहाटे गेला तो. आम्ही त्या शुक्रवारी निघालो असतो, वरच्या वाटेनं, तर रविवारी दुपारी पोचलो असतो. आख्खी संध्याकाळ मिळाली असती. मी इथं येऊन त्या पोरीला विचारलं — त्या शुक्रवारची अस्तानाची गाडी किती उशिरा पोचली गं. मला वाटलं म्हणेल, वादळात अडकली, रद्द झाली. तिनं बघितलं, म्हणाली, आजी, वेळेवर पोचली, पुढचीही वेळेवर. मी तिला परत बघायला लावलं.

ह्यांना? ह्यांना नाही माहीत. तालगातचा, मिर्झाच्या मुलाचा, फोन मीच घेतला. तो म्हणाला, काकू, काकांना एकदम सांगू नका, चार वडीलधारी माणसं बोलवा, रीतीनं सांगा. मी म्हटलं सांगते. आणि काय केलं — ह्यांचा फोन उचलून पर्समध्ये टाकला. हा बघा, बंद करून ठेवलाय. काच फुटली, दुरुस्तीला दिलाय असं सांगितलंय. संध्याकाळी सहा वाजले की हे खिडकीपाशी जाऊन बसतात. मी म्हणते, मिर्झाच्या घशात नळी आहे, त्याला बोलता येत नाही. एका खोट्यावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं. गेलेल्याच्या सातव्या दिवसाच्या सात शेल्पेक पोळ्या शेजारच्या बालझानकडे जाऊन तळल्या, घरात तेलाचा वास नको म्हणून. प्रार्थना तिनंच म्हटली, मी तिच्या ओट्याला टेकून उभी. रडताही येईना, डोळे सुजले तर घरी काय सांगू. घरी आले तर हे म्हणाले, कपड्यांना तळणाचा वास येतोय, कुणाच्या नावानं तळलंस. मी म्हटलं शुक्रवार ना, गेलेल्यांसाठी तळायचा दिवस, तुमच्या आईवडिलांच्या नावानं. रविवार होता तो. हे पेन्सिलीला टोक करत बसले.

आणि पानं चालूच. कायमचं नाही म्हणालेत सांगितलं तरी चालूच. आता तर म्हणतात, तिकडच्याच कुणाला तरी इस्पितळाला विनवायला सांगू, तू तिकीट तर बघ. मग मी येते, इथं तासभर बसते, आणि घरी जाऊन सांगते, खालचा बर्थ नाही. दर वेळी खालचा बर्थ नाही. गाड्या रिकाम्या जातायत ताई, फेब्रुवारीत कोण फिरतंय. आज निघताना त्यांनी त्यांचं ओळखपत्र माझ्या हातात दिलं. म्हणाले वरचा मिळाला तरी घे, कुणाला तरी विनंती करून बदलून घेऊ. आणि त्या कागदाची मुदत उद्या, रविवारी, संपते. आज रीतीनं सांगावं तर कसं सांगावं — भाऊ गेला म्हणून सांगायचं की गेला तेव्हा तुम्ही तिथं असू शकला असता म्हणून सांगायचं? पहिलं सांगितलं की ते तारीख विचारणार. तारीख कळली की माणूस वजाबाकी करणार. दुसरं काय केलंय त्यांनी आयुष्यभर. तुम्ही माझ्या जागी असतात तर —

थांबा हं, माझा वाजतोय. बालझान आहे. — हं, बोल गं. — अहो, तुम्ही? तुम्ही तिच्याकडे कसे? जिना चढलात? कुणी सांगितलं होतं तुम्हाला — हो, बसा आधी. बसलात? — स्टेशनवरच आहे. नाही, अजून — ती म्हणते खालचा नाही. — वरच्यावर कसे चढणार तुम्ही, काहीतरीच बोलता. — घाई कसली आहे, म्हणजे — किती? सत्तावीस? सत्तावीस दिवस कसले?

कसले सत्तावीस —

हो.

हो. अजून सत्तावीस दिवसांनी त्याला चाळीस होतील. — तुम्हाला कुणी — मशीनवर शेजारच्या खाटेवरच्याचा फोन मागून घेतलात? कधी? — बुधवारी. म्हणजे त्याच बुधवारी. म्हणजे दोनच दिवसांनी. — आणि मग रोज ती पानं कशाला मांडत होतात, अहो, मला रोज इथं — काय? परत बोला, इथं गाडीचं ओरडतायत. — मी सांगेन म्हणून. मी सांगायची वाट बघत होतात. — नाही, रडत नाहीये. — त्रास नाही झाला म्हणाला तालगात, झोपेतच. — हो. हो, चाळिसाव्याला जाऊ. — कुणाला विचारू? — विचारते. — हो, विचारते म्हटलं ना. सोमवारीच विचारते नर्सबाईंना. तुम्ही एकटे उतरू नका, बालझानचा हात धरून उतरा. ठेवा.

परत अर्ज कर म्हणतात. त्या वेळी नाही दिली जागा, या वेळी देतील म्हणतात, माणसं आहेत तीही, चाळिसाव्या दिवसाचं सांगितलं तर ऐकतील. त्या वेळी नाही दिली, असं म्हणाले ते. सरळ म्हणाले की रजयांतला कागद सापडून म्हणाले, मला आवाजावरून कळलं नाही.

तुमची गाडी लागली बघा. मघाशी ओरडत होते ती किझिलोर्दाचीच. — नाही, मी बसते जरा. नाही, पाणी नको. जा ताई, तुमचा डबा लांब आहे.