खिंडीत नाव घेऊ नये

ऐका. आणि मध्ये मध्ये 'हं' म्हणत राहा, म्हणजे जागे आहात ते कळेल.

मृणालला त्या रात्री झोप नव्हती. कारण काय, तर पोरीच्या बुटांचे तळ गुळगुळीत झालेत. आणि हे सुचलं कधी? सासरच्या गावी येऊन अंथरुणाला पाठ टेकल्यावर! एम.एस्सी. झालेली बाई, पण सहा वर्षांच्या गार्गीपुढे तिचं सगळं शिक्षण कडा, साप आणि पाणी यांच्या धास्तीतच अडकलेलं.

पहाटे अंधार असतानाच मायलेकी निघाल्या. पितृपंधरवडा चालू, वर खिंडीपर्यंत सोनकी पिवळीधमक फुललेली. बघायची आणि दुपारी परतायचं, एवढंच. नवऱ्याची तान्हूआत्या दारातून म्हणाली, "सूनबाई, खिंडीत पोरीला नावानं हाक मारू नकोस हां. या दिवसांत तिथलं ऐकत असतं. लांब गेली तर नुसता 'कूऽऽ' असा कुकारा घाल."

"बरं, आत्या." मनात म्हणाली, कुकारा काय घालायचा, कोल्हा आहे का मी?

आणि चढाला लागल्यापासून? "गार्गी, हळू! गार्गी, कडेला नको! गार्गी, पडशील!" अहो, डोंगराला पाठ झालं ते नाव!

खिंडीत पोचल्या. लख्ख ऊन. आणि एकाएकी धुकं! हे एवढं! हाताला हात दिसेना.

"गार्गी, हळू!"

पलीकडून आलं, "गार्गी, हळू!"

प्रतिध्वनी, मृणाल म्हणाली. शिकलेली ना!

मग आलं, "गार्गी, कडेला नको!" आता हे तर ती बोललीच नव्हती. म्हणजे मघाशी बोलली होती, आत्ता नाही. की आत्ताही बोलली? तिला स्वतःचाच भरवसा वाटेना.

मग आलं, "गार्गी, इकडे ये, राणी." तिचाच आवाज. तिच्यापेक्षा गोड! आणि पोर निघाली की हो तिकडे! मृणालनं झेपावून हात धरला. हात गार. ओला.

तेवढ्यात खालून, दरीतून, "आई! मी इथं पडलेय! तू कुणाचा हात धरलायस?"

सांगा आता, काय करावं त्या बाईनं? सोडावा तरी पोर जाते, धरावा तरी पोर जाते! वाकून बघितलं. नाक तेच. पडलेला दात तोच. पण सगळं हुबेहूब आहे म्हणूनच तर संशय! आणि पोरही हिच्याकडे तिरकं बघतेय.

"तू कोण?" पोर म्हणाली.

आता मृणाल काय बोलणार? हळू, नको, पडशील, सगळं त्यानं ऐकलेलं. सकाळपासून दुसरं काही बोलली होती का ती? मग जन्मात कधी म्हटलं नव्हतं, ते तोंडातून निघालं.

"पळ! बाळा, पळ!"

आणि पळाल्या! वाट दिसत नाही, पळाल्या! मागून हिच्याच आवाजात, "गार्गी, हळू! गार्गी, पडशील!" वळल्या नाहीत. गावाचं पहिलं घर दिसलं, तेव्हा कुठं तो आवाज थांबला.

आत्यानं दोघींवरून मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या. "या पंधरवड्यात त्या वाटेला जाऊ नये, बाई. गेलीस तर जीभ आवरून जा." तुम्हालाही सांगते, पोरांनो. जाऊच नका.

पण मृणालचं मन थाऱ्यावर येईना. सारखी पोरीकडे बघे. शेवटी विचारलंच, "बाळा, तुला कसं गं कळलं, मीच खरी ते?"

दूधभाताचा घास गिळून गार्गी म्हणाली, "मला नाहीच कळलं. पण तू इतकी घाबरली होतीस, तुला एकटीला कसं सोडू?"