फळ्यावरचं पाणी

तुम्ही हसाल, पण त्या दिवसानंतर मी खडू हातात धरलेला नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. माजिवडा नाक्यावर आमच्या मंडळाचा फळा होता, त्यावर मी रोज सकाळी व्यंगचित्र काढायचो. तेव्हा एक शेठ खाडीत भराव टाकून बिल्डिंग उठवत होता. त्याच्याविरुद्ध एक शब्द जरी लिहिला असता, तरी त्याच्या माणसांनी फळा फोडला असता. म्हणून मी नुसता शेठ काढला, सुटाबुटातला, आणि त्याचे बूट पाण्यात दाखवले. जागा खाडीची आहे, हे लोकांना बरोबर कळलं. दुसऱ्या दिवशी मी पाणी घोट्यापर्यंत चढवलं.

तिसऱ्या दिवशी शेठ स्वतः आला. म्हटलं, आता मार खातो. तर तो हळूच म्हणाला, "आज गुडघ्यापर्यंत नको रे नेऊस."

"तुम्हाला कसं कळलं?"

त्याने पँट वर केली. भर एप्रिलात पाय घोट्यापर्यंत ओले, वर खाडीचा काळा चिखल.

"परवा नुसते बूट भिजलेले," तो म्हणाला. "घरात. दुसऱ्या मजल्यावर."

माझी जाम फाटली. मी फडकं घेऊन सगळं पाणी खसाखसा पुसलं. शेठ हात जोडून गाडीकडे निघाला. मग माझं फळ्याकडे लक्ष गेलं. पाण्याबरोबर त्याचे पायही पुसले गेले होते.

मी खडू शोधतोय, तोवर मागून त्याचा ड्रायव्हर ओरडला, "अरे, कोणीतरी या रे! शेठना उभंच राहता येत नाहीये!"