वायर चुकली

मेहकरच्या दवाखान्यात डोळ्यांत औषध घालून, डोळे मिटून बसलेल्या सुचिताला शेजारच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकू येत होतं.

“पिकअप गाडीचा टेप म्या सोताच बदलला, विमल.”

“मंग लाईट लावल्याबिगर वाजत काऊन नाही?”

“एक वायर चुकली. उद्या मिस्तरीले दाखवतो.”

“काही नका दाखवू.”

“अवं, भरदुपारी लाईट लावून फिरतो. लोकं हासून राह्यले!”

“हासू द्या. बॅटरी वाचवाले तुम्ही अंधारातही बिनालाईटचे येत होते. मी दारात उभी राहून जीव मुठीत धरत होती.”

नर्सनं सुचिताचं नाव पुकारलं. ती उठली नाही.

“अन् आता?”

“आता फाट्यावरूनच गाणं ऐकू येते. लाईट चालू आहे, हे समजते. मंग मी निवांत भाकर टाकते.”

“असं व्हय? मंग आवाज अजून वाढवतो.”